आवाज नंतर भरू

लोकांना हसवायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी ज्या माणसानं स्वतःची माती करून घेतली त्याच्याबद्दल लिहायला बसलोय, आणि सकाळपासून एक धड ओळ उतरत नाही. आप्पांचं नाव काढलं की ऐकणारे आधीच हसायच्या तयारीनं सरसावून बसतात. "निपाणीत काऊबॉयचा पिक्चर काढणारे मास्तर, तेच ना?" होय, तेच. हसा. सुरुवातीला मीही पोट धरधरून हसलोय. आता नाही जमत.

मी बेळगावचा, टिळकवाडीत वाढलेला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला निपाणीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायला लागलो. आप्पा त्याच शाळेत ड्रॉइंग आणि पीटी असे दोन्ही तास घ्यायचे. माझ्याहून वयानं पुष्कळ मोठे. हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना आप्पाच म्हणायचे, त्यामुळे मीही. लग्न केलेलं नव्हतं. अंगानं काटकुळे, सदरा नेहमी एक माप मोठा, आणि पायात टाचेचे बूट. चालताना पाय फाकवून, दोन्ही हात मांड्यांपासून वीतभर लांब धरून चालायचे. "आप्पा परसाकडंला निघाल्यात का भांडायला, कायबी कळत न्हाय बघा," असं आमचा शिपाई म्हणायचा.

दर रविवारी पहिल्या गाडीनं ते बेळगावला यायचे. कॅम्पातल्या थिएटरात सकाळी इंग्रजी सिनेमाचा खेळ लागायचा. कधी घोड्यावरचे पिस्तूलवाले, कधी हवेत उडून लाथा घालणारे चिनी. आप्पांना दोन्ही सारखेच प्रिय. इंग्रजीचा गंध नाही, पण सोमवारी स्टाफरूममध्ये मला अख्खी गोष्ट सांगायचे, हातवारे करून, टेबलावरचे खडू पाडून. एकदा त्यांनी सांगितलेला सिनेमा मी स्वतः जाऊन पाहिला. एकही गोष्ट जुळेना. आप्पांची गोष्ट कितीतरी चांगली होती, हे मात्र कबूल करतो.

आणि अशाच एका सोमवारी म्हणाले, "ते पिस्तुलवालं एकीकडं भांडतंय, ते चिनी दुसरीकडं भांडतंय. दोघांस्नी एकाच माळावर सोडलं तर रं? आणि माळ आपला!"

मी म्हटलं, "आप्पा, चहा घ्या."

त्यांनी चहा घेतला आणि होतं नव्हतं ते विकून सिनेमाही काढला. गोष्ट त्यांचीच. दोन चेकनाक्यांच्या मधे एक माळ आहे. इकडचं सरकार म्हणतं तो तिकडचा, तिकडचं म्हणतं इकडचा. त्या माळावर दरोडेखोरांनी ठाण मांडलंय, आणि दोन्हीकडचे फौजदार आपापल्या नाक्यावर उभे राहून एकमेकांना ओरडून सांगताहेत, "तुमचा चोर हाय, तुम्ही धरा!" शेवटी लोक लांबून एक लढवय्या बोलावतात. धिप्पाड गडी, घोड्यावर, टोपी डोळ्यांवर ओढलेली. सगळा माळ चळाचळा कापतोय. आणि तो गडी तोंड उघडतो तर आवाज निघतो बारीक, चिरका, दहा वर्षांच्या पोरीसारखा. त्याला मारामारी मुळीच आवडत नाही. "पाया पडतो, मला माराय लावू नगासा," अशी तो दरोडेखोरांची विनवणी करतो, आणि ते ऐकत नाहीत म्हणून बिचारा नाइलाजानं त्यांना तुडवतो.

सगळी गंमत त्या आवाजात होती. आणि तो आवाज आप्पांना सापडला होता.

त्याचं नाव महादू. तंबाखूच्या वखारीत पोती उचलायचा आणि संध्याकाळी तालमीत घुमायचा. दारातून आत आला की खोलीत अंधार व्हायचा, एवढा देह. पण दुकानात जाऊन त्यानं "पावशेर साखर द्या" म्हटलं की दुकानदार त्याच्या मागं कुणी पोरगी उभी आहे का बघायचा. गावानं त्याच्या इतक्या नकला केल्या होत्या की तो बोलायचाच बंद झाला होता. मान हलवायचा, हात हलवायचा, त्यातच भागवायचा. आप्पांशी तेवढा बोलायचा. आप्पा भर बाजारात त्याला थांबवून म्हणायचे, "महादू, बोल की कायतरी."

"काय बोलू आप्पा?"

एवढ्यावर आप्पा खूश. टिंगल नाही हो, खरोखर खूश. मला म्हणायचे, "ह्या आवाजात खोटं बोलायलाच येत न्हाय रं. ह्यो 'मारीन' म्हणाला तरी लोकं त्याच्या गळ्यात पडतील." मी त्यांना वेड्यात काढलं. पण पुढं महादूला बोलताना ऐकलं की मलाही आतून कसंतरी व्हायचं, हसू आणि माया एकदमच यायची.

शूटिंग तवंदी घाटाच्या वरच्या माळावर, रविवारी आणि मेच्या सुटीत. घोडे म्हणजे निपाणीतले टांग्याचे घोडे. रस्त्याकडेला माणूस उभा दिसला की ते आपोआप थांबायचे, वर बसलेला दरोडेखोर कितीही टाचा मारो. टोप्या बेळगावच्या जुन्या बाजारातल्या, सैन्यानं निकालात काढलेल्या. कमरेच्या पट्ट्यात काडतुसांऐवजी विड्या खोचलेल्या. लांबून अगदी खऱ्या दिसायच्या, पण शॉट लागेपर्यंत निम्म्या दरोडेखोरांनी आपली काडतुसं ओढून संपवलेली असायची.

कॅमेरावाला कोल्हापूरचा एक म्हातारा. त्याचा कॅमेरा पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचा, त्यामुळे माळावर आवाज घ्यायचा प्रश्नच नव्हता. आधी नुसती चित्रं घ्यायची, मग मुंबईच्या स्टुडिओत ज्यानं त्यानं पडद्यावर आपलं तोंड बघत आपलं बोलणं म्हणायचं, ही पद्धत. "आवाज नंतर भरू," आप्पा म्हणायचे. पुढं पुढं ते वाक्य त्यांच्या तोंडी इतकं बसलं की हेडमास्तरांनी निकालपत्रकं मागितली तरी तेच, चहात साखर कमी पडली तरी तेच. "असूंदे की. आवाज नंतर भरू."

लाथांचा दिवस मी जन्मात विसरणार नाही. दरोडेखोर म्हणजे सगळी तालमीतली पोरं. महादूनं पहिली लाथ हाणली, अगदी छातीवर, समोरचा गडी धाडकन पडला. आप्पा "वा!" म्हणणार तोच महादू खाली वाकला, पडलेल्याच्या छातीला हात लावला आणि तो हात स्वतःच्या कपाळाला लावून नमस्कार केला.

"कट! काय केलंस रं हे?"

"पाय लागला न्हवं का त्येला," महादू म्हणाला.

परत लाथ. परत नमस्कार. लाथ मारायला दुसऱ्या पोराला पुढं केलं, त्याचंही तेच. माणसाला पाय लागला की हात जातो, त्याला कोण काय करणार? आप्पा ओरडले, समजावलं, हात मागं बांधून बघितले. मग लाथ घालणारा पडायलाच लागला. शेवटी महादूच म्हणाला, "आप्पा, आदीच समद्यांच्या पाया पडून घिऊ द्या. मग काय मारायचं ते मारतो." तसं ठरलं. प्रत्येक मारामारीआधी दोन्ही टोळ्या समोरासमोर उभ्या राहायच्या, एकमेकांच्या पाया पडायच्या, आणि मग कॅमेरा सुरू. तरीसुद्धा एखादा हात सवयीनं जायचाच. कॅमेरावाला म्हातारा इतका हसत होता की त्याच्या हसण्यानं चित्र हललं. आम्ही सगळे माळावर गडाबडा लोळलो. आप्पाही. तेवढं सुख मी पुन्हा पाहिलं नाही.

शूटिंग संपलं. पावसाळा सरला की मुंबईला जाऊन आवाज भरायचं ठरलं. महादूच्या जिवाला घोर. "आप्पा, मुंबईत माझ्या आवाजाला हसतील का हो?"

"हसायलाच पायजेत मर्दा! त्येच्यासाठीच तर चाललोय."

पावसाळ्यातच त्याला कावीळ झाली. कुणीतरी झाडपाल्याचं औषध सांगितलं, त्यात दिवस गेले. बेळगावला दवाखान्यात आणला तेव्हा डॉक्टरांनी आम्हालाच रागानं विचारलं, इतके दिवस कुठं होता? एवढा मोठा देह पिवळा पडून खाटेवर मावत नव्हता. एखादं लहान पोर जावं तसा तो गेला, कुणाला काही न बोलता. आप्पा त्याच्या उशाशी होते. बाहेर आले आणि मला म्हणाले, "आवाज ऱ्हायला रं." मला वाटलं सिनेमाचं म्हणताहेत, आणि मला त्यांचा भयंकर राग आला. पोरगं मेलंय आणि ह्यांना सिनेमा सुचतोय! पण ते सिनेमाचं म्हणत नव्हते, किंवा नुसतं सिनेमाचं म्हणत नव्हते. ते कळायला मला वेळ लागला.

कोल्हापूरहून सिनेमाच्या धंद्यातली माणसं सांगायला आली, "दुसऱ्याचा आवाज टाका, बाई आणू नक्कल करायला, पिक्चर निघून जाईल." आप्पांनी त्यांना दारातनं हाकललं. "आज आवाज दुसऱ्याचा लावा म्हनतायसा. उद्या त्वांडबी दुसऱ्याचं लावा म्हनशीला."

आणि मग ते महादूचा आवाज शोधायला निघाले. त्या काळी टेपरेकॉर्डर होते कुणाकडं? संकेश्वरला एकाकडं आहे म्हणून तिथं गेले, तो म्हणाला मी नुसती गाणी भरतो. शेवटी कळलं, बोरगावच्या एका लग्नात कुणीतरी अख्खा सोहळा टेप केलाय, आणि त्या लग्नात महादू वाढायला होता. मी आप्पांबरोबर गेलो. ओसरीवर बसून आम्ही ती टेप पहिल्यापासून ऐकली. बँड, मंगलाष्टकं, पोरांची रडारड, भांड्यांचा आवाज. आप्पा टेपला कान लावून बसलेले. आणि एकदम स्पष्ट आलं, "ये महादू, हिकडं जिलबी आण की रं!"

आप्पांनी माझा हात घट्ट धरला.

पुढं काही नाही. पातेलं ठेवल्याचा आवाज आला, कुणीतरी हसलं, टेप पुढं गेली. महादू माणसांत बोलायचा नाही. त्यानं मान हलवली असणार आणि जिलबी नेऊन वाढली असणार. आप्पांनी तेवढाच तुकडा परत परत लावला. घरमालक कंटाळून आत निघून गेला. मग आप्पांनीच टेप बंद केली. "चल," म्हणाले.

परत येताना गाडीत कानावर बोट ठेवून म्हणाले, "हितं हाय अजून. रोज सकाळी बसतो आणि त्येची समदी वाक्यं मनात म्हनून घेतो, त्येच्याच आवाजात. एक बी चुकत न्हाय. मी हाय तवर त्यो आवाज जात न्हाय." तेवढ्यावर तो माणूस जगत होता. सिनेमाच्या रिळांचे डबे पलंगाखाली ठेवले होते, शाळेत ड्रॉइंग आणि पीटी चालू होती, आणि सकाळी कुणी दार वाजवलं तर उघडत नव्हते.

त्यात महादूची आई आली. वखारीत तंबाखू निवडायची. डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला होता. दारात बसली आणि म्हणाली, "माझ्या पोराचा शिनेमा दावा मला. डोळं जायच्या आत."

"आक्का, मुका हाय त्यो. तसा दावू?"

"मुका कशापायी? माझं पोरगं मुकं हुतं व्हय? बोलतंय तसं दावा."

तिला नाही कसं म्हणणार? आप्पा काही दिवस शाळेतच आले नाहीत. मग एक दिवस माझ्याकडं येऊन म्हणाले, "तू बोल. नक्कल करू नगंस. नक्कल म्हंजे त्येची टिंगल. तुझ्या आवाजात सरळ बोल." मी पुष्कळ नको म्हटलं. पण त्यांचं तोंड बघून गेलो.

मुंबईच्या त्या बंद खोलीत पडद्यावर महादू ओठ हलवायचा आणि मी बोलायचो. काय सांगू तुम्हाला! त्याचे ओठ त्याच्या आवाजाच्या लयीत हलत होते, घाबरत, मधेच अडत, आणि वर माझा वर्गात कविता म्हणणारा खणखणीत आवाज. आप्पा सगळा वेळ बाहेर जिन्यात बसून होते. आत आलेच नाहीत.

निपाणीच्या थिएटर मालकानं एक सकाळ दिली, तिकीट नाही. महादूची आई अगदी पुढं, गल्लीतल्या बायकांबरोबर. मागं तालमीतली पोरं. महादू घोड्यावरून आला, टोपी मागं सारली, तोंड उघडलं, आणि माझा आवाज आला, "पाया पडतो, मला माराय लावू नगासा." कुणीही हसलं नाही. हसण्यासारखं त्यात राहिलंच नव्हतं. एक धट्टाकट्टा माणूस धट्ट्याकट्ट्या आवाजात गयावया करत होता, एवढंच. तालमीतल्या एका पोरानं डोकं गुडघ्यांत घातलं. मी खुर्चीत इतका आक्रसून बसलो होतो की पाठ भरून आली.

दिवे लागले तसे आप्पा जाऊन महादूच्या आईच्या पायाशी जमिनीवर बसले. "आक्का, माफी करा. आवाज त्येचा न्हवता..."

ती डोळे पुसत होती. "गप बसा की वो. पोटच्या पोराचा आवाज मला वळकत न्हाय व्हय? अस्साच बोलायचा. ठणठणीत." आणि शेजारणीला म्हणाली, "न्हाय गं?" शेजारणीनं मान हलवली.

आप्पा उठले. बाहेर रस्त्यावर आलो. मग म्हणाले, "आईच इसरली रं."

मी म्हटलं, "विसरली नसेल आप्पा. आईला त्याचा आवाज कधी बारीक वाटलाच नसेल."

मला वाटलं मी त्यांना धीर देतोय. ते रस्त्यातच थांबले. "म्हंजे मी एकटाच ऱ्हायलो," म्हणाले.

डबे परत पलंगाखाली गेले. सिनेमा कुणाला दाखवला नाही, विकला नाही, त्याचं नाव काढलं नाही. सोमवारी मी नेहमीसारखा त्यांच्याकडं गेलो, काहीतरी बोलायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. "बोलू नगंस."

"काय झालं?"

"तू बोललास की त्येच्या तोंडातनं तूच येतोस. सकाळी बसतो तर तुझाच आवाज. त्यो पाठीमागं कुठंतरी हाय अजून, पर तू बोललास की आनखी मागं जातोय. पाया पडतो तुझ्या. ये, बस, चा पी. बोलू नगंस."

मी तिरीमिरीत उठून गेलो. माझं काय चुकलं होतं? ह्यांनीच बोलायला लावलं! महिना-दीड महिना फिरकलो नाही. मग राहवेना, परत गेलो. दारात उभा राहिलो, तोंड मिटून. त्यांनी चहा ठेवला.

त्यानंतर आमचं असंच चाललं. रविवारी जायचं, बसायचं, चहा प्यायचा, पेपर चाळायचा, उठायचं. शाळेत ते स्टाफरूममध्ये आले की मी बोलता बोलता गप्प व्हायचो. माझा कवितेचा तास असला की ते पोरांना मैदानाच्या पार टोकाला घेऊन जायचे. लोकांना वाटायचं आमचं भांडण झालंय. ते निवृत्त झाले, गावात टीव्ही आले, माझी मुलं मोठी झाली, माझे वडील गेले, आणि ह्यातलं एकही मी त्यांना सांगितलं नाही. वडील गेले तेव्हा टक्कल करून समोर जाऊन बसलो. त्यांनी बघितलं, उठून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवशी दोन शब्द बोलू द्यायला हवे होते. नाही दिले.

छातीत कळ आली तेव्हा त्यांना बेळगावला दवाखान्यात ठेवलं. मी खाटेशेजारी स्टुलावर बसलो, नेहमीसारखा. ते छताकडं बघत होते.

"बोल," म्हणाले.

मला वाटलं भ्रम झालाय.

"बोल कायतरी. आता काय बिघडत न्हाय."

"म्हणजे? महादू...?"

त्यांनी मान हलवली. "गेला. लई वर्सं झाली. एक दिस सकाळी बसलो आणि आलाच न्हाय. मग कवाच आला न्हाय. तुला सांगायची लाज वाटली रं."

मला रडावं का ह्या माणसाला गदागदा हलवावं कळेना. लई वर्सं! म्हणजे ते सगळे रविवार, तो पेपर, तो चहा, माझे वडील. मग जे तोंडाला आलं ते बोलायला लागलो. थोरल्याला लोंढ्याला रेल्वेत नोकरी लागली. बायकोचे गुडघे दुखतात. शाळेत नवीन हेडमास्तर आलाय, महामूर्ख आहे. पिंपळाची फांदी शाळेच्या कौलांवर पडली. वडील शेवटी शेवटी मला ओळखत नव्हते. मी बोलत सुटलो, नर्स येऊन रागावली तरी थांबलो नाही. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी चाचपडत माझा हात धरला.

"तुझा आवाज बरा हाय की रं," म्हणाले. "उगंच गप बसिवलं तुला."